हेल्मेटचा पट्टा, चष्मा, सारखं चोळलेलं नाक: मुलांच्या चेहऱ्यावर घासून येणारे दाणे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १४ वर्षांचा, रोज सायकलिंगची प्रॅक्टिस, साधारण तीन महिन्यांपासून हनुवटीवर आणि जबड्याच्या खालच्या कडेला बारीक खडबडीत दाणे, त्यातले काही लाल होऊन दुखतात, आणि नाकाच्या खालच्या भागात एक आडवी रेघ उमटलीय जिच्यावर पांढरे टणक कण दिसतात. सर्दी-शिंका वर्षभर चालूच असतात. घरातल्या कुणीतरी दिलेलं क्रीम दोन आठवडे लावलं, आधी छान वाटलं, बंद केल्यावर परत आलं. तुम्ही विचारलंय की हे पिंपल्सच आहेत का, दुसऱ्यांना लागण होईल का, आणि डाग राहतील का.

प्रत्यक्ष त्वचा न बघता पक्कं निदान करता येत नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते घासण्यामुळे येणाऱ्या दाण्यांशी खूपच जुळतं. आणि एक गोष्ट लगेच सांगतो, तुमच्या मुलाच्या चेहऱ्यावर एक नाही दोन वेगवेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. हनुवटीवरचं प्रकरण पट्ट्याचं, नाकावरचं प्रकरण नाक चोळण्याचं. दोन्ही घातक नाहीत, दोन्ही संसर्गजन्य नाहीत, तो दुसऱ्या मुलांबरोबर खेळला, टॉवेल चुकून एक झाला, तरी यातून कुणाला काही होणार नाही. (टॉवेल वेगळा ठेवाच, पण त्याची कारणं वेगळी.)

आता मी हे एवढ्या विश्वासाने का म्हणतोय तर जागेमुळे. चेहऱ्यावर काहीही आलं की सगळे जण दाणा निरखत बसतात, लाल आहे का पांढरा आहे, पू आहे का, दाबला तर काय निघतं. मी आधी नकाशा बघतो. नेहमीचे तारुण्यपीटिकांचे दाणे कपाळ, नाक, गाल, हनुवटी असे दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, कारण ते तेलग्रंथी जिथे जास्त तिथे येतात. घासून येणारे दाणे मात्र वस्तूचा आकार घेऊन येतात. पट्टा असेल तर पट्टी, टोपीची कड असेल तर कपाळावर आडवी ओळ, हात टेकवून बसायची सवय असेल तर एकाच गालावर. आणि त्या जागेच्या बाहेर त्वचा बऱ्यापैकी स्वच्छ. हीच सगळ्यात मोठी खूण.

घरी करून बघायला सोपं आहे. प्रॅक्टिसहून आल्या आल्या, तोंड धुवायच्या आधी, खिडकीच्या उजेडात त्याच्या चेहऱ्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. हेल्मेट घातलेलं असताना एक आणि काढल्यावर लगेच एक. पट्ट्याचा जो लाल ठसा त्वचेवर उमटलेला असतो तो आणि दाण्यांची जागा एकमेकांवर बसतात का बघा, बकल किंवा हनुवटीचं पॅड नेमकं जिथे टेकतं तिथे दाणे सगळ्यात दाट आहेत का ते बघा. बसत असतील तर अर्धं निदान झालं. उरलेलं अर्धं वेळेवरून होतं, म्हणजे सीझन सुरू झाला, प्रॅक्टिस वाढली, नवीन हेल्मेट घेतलं, तेव्हा सुरू झालं का, आणि परीक्षेच्या काळात किंवा सुट्टीत आपोआप कमी झालं होतं का. आई-वडिलांना हे विचारलं की बरेचदा त्यांनाच एकदम आठवतं.

हे होतं कसं ते जरा नीट सांगतो, कारण कारण समजलं की उपाय पटतात, नाहीतर मुलं दोन दिवस करतात आणि सोडून देतात. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो सतत झडत असतो, खालून नवीन पेशी वर येतात, या सगळ्या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात. एखाद्या जागी रोज दाब आणि घासणं सुरू झालं की त्वचा स्वतःला वाचवायला तिथे जास्त पेशी बनवते, पेन धरून धरून मधल्या बोटाला घट्टा पडतो ना, तसंच. फरक एवढाच की बोटाच्या त्या जागेवर केसांची मुळं आणि मोठ्या तेलग्रंथी नसतात, चेहऱ्यावर असतात. मग जास्तीच्या पेशी केसाच्या छिद्राच्या तोंडाशी अडकतात, खालून तेल येतच असतं, वर पट्ट्याखाली घाम आणि उष्णता कोंडलेली, त्या ओलाव्याने पेशी फुगतात आणि छिद्राचं तोंड अजूनच बंद होतं. आधी बारीक, त्वचेच्याच रंगाचा, हाताला खरखरीत लागणारा दाणा तयार होतो. त्यावर घासणं चालूच राहिलं की आतली बंद छिद्रं फुटतात, पेशींमधून दाह करणारी रसायनं बाहेर पडतात, आणि तोच दाणा लाल होतो, दुखतो. म्हणून तुम्हाला दोन्ही प्रकार एकत्र दिसतायत, काही नुसते खडबडीत आणि काही लाल.

या प्रकाराला मेकॅनिकल ॲक्ने म्हणतात, १९७५ मध्ये मिल्स आणि क्लिगमन या दोघांनी त्याचं नीट वर्णन केलं. त्यानंतर खेळाडूंमध्ये, वाद्य वाजवणाऱ्यांमध्ये, सैनिकांमध्ये हेच परत परत दिसलं, आणि २०२० नंतर मास्कमुळे तर घराघरात दिसलं. वय पण महत्त्वाचं, साधारण ११-१२ पासून विशीपर्यंत तेलग्रंथी जोरात असतात, म्हणून तोच पट्टा वडिलांनी घातला तर काही होत नाही आणि मुलाला होतं. त्याची काळजी किंवा स्वच्छता कमी पडली म्हणून हे झालेलं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. या वयातल्या मुलांना 'तोंड नीट धुत नाहीस' हे वाक्य फार लागतं आणि त्यातून मुलं दिवसातून सहा-सहा वेळा खसाखसा तोंड धुवायला लागतात, म्हणजे घासण्याने झालेल्या आजारावर अजून घासणं.

आता नाकाकडे येऊ. ॲलर्जीची सर्दी असलेल्या मुलांना नाकाच्या शेंड्याला सतत खाज येते आणि ती तळहाताने नाक खालून वर ढकलतात, दिवसात कितीतरी वेळा, त्यांच्या लक्षातही येत नाही. नाकाचा खालचा भाग कूर्चेचा असतो, तो ढकलला की दर वेळी एकाच ठिकाणी घडी पडते. वर्षानुवर्षं झालं की तिथे आडवी रेघ कायम दिसायला लागते, नाकाच्या साधारण वरचे दोन भाग आणि खालचा एक भाग जिथे मिळतात तिथे. त्या रेघेत बारीक पांढरे कण किंवा काळ्या टोकाचे ब्लॅकहेड्स रांगेत बसतात, कधी कधी लाल दाणे पण येतात जे अगदी पिंपल्ससारखे दिसतात. काही मुलांना अशी रेघ जन्मजात किंवा घराण्यातच असते, नाक न चोळताही, आणि तिच्यातही हे कण येऊ शकतात, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाच्या नाकावर तशी रेघ आहे का ते आरशात बघून घ्या.

ते पांढरे टणक कण बहुतेक मिलिया असणार. मिलिया म्हणजे त्वचेच्या अगदी वरच्या थरात केराटिन (त्वचेचं टणक प्रथिन) साठून झालेली छोटीशी गाठ, एक-दोन मिलिमीटरची, मोत्यासारखी पांढरी, गोल, न दुखणारी, आजूबाजूला लाली नसलेली. पिंपलमध्ये आणि त्यात मोठा फरक हा की मिलियाला बाहेर उघडणारं तोंडच नसतं, म्हणून कितीही दाबलं तरी काही निघत नाही, फक्त त्वचा चिरडते, लाल होते आणि मग खरंच डाग राहतो. मुलं हेच करतात, आरशासमोर उभं राहून नखांनी दाबत बसतात.

या दोन जागांशिवाय अजून कुठे कुठे असं येतं ते भराभर सांगतो, वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी उपयोगी पडेल. कपाळावर केसांच्या कडेने येत असेल तर टोपी, हेअरबँड, हेडबँड, आणि सोबत केसांना लावलेलं तेल किंवा जेल, दोन्ही मिळून छिद्रं बंद करतात. एका गालावर असेल तर फोन, हाताचा टेकू, किंवा कायम त्याच कुशीवर झोपणं. व्हायोलिन वाजवणाऱ्यांना डाव्या जबड्याखाली एक जाडसर, काळपट, कधी दाणेदार चट्टा येतो. मास्कचे दाणे नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत मास्कच्या आकारात. नुकतीच दाढी करायला लागलेल्या मुलांमध्ये, त्यातही कुरळे केस असतील तर, कापलेला केस वळून परत त्वचेत घुसतो आणि मानेवर-जबड्यावर टणक दाणे येतात, नीट बघितलं तर दाण्यात केसाचा वेटोळा दिसतो. तिथे उपाय वेगळा, काही आठवडे रेझर बंद ठेवून ट्रिमरने केस थोडे लांब ठेवायचे, त्वचा ताणून उलट्या दिशेने दाढी करायची नाही.

चष्म्याचं प्रकरण मात्र जरा थांबून सांगायला हवं. नाकाच्या दांड्यावर नोज पॅड टेकतं तिथे किंवा कानामागे दांडी बसते तिथे, फ्रेम वाकडी असेल किंवा घट्ट असेल तर हळूहळू एक जाड, त्वचेच्या रंगाची किंवा गुलाबी गाठ तयार होते जिच्या मधोमध खाच असते, कॉफीच्या बीसारखी. दुखरी असू शकते. ती बघून लोक घाबरतात, आणि घाबरण्याला थोडं कारणही आहे कारण मोठ्या वयात त्वचेचा एक कॅन्सर साधारण असाच दिसतो. तरुण मुलांमध्ये तो फार विरळा. फ्रेम नीट बसवून घेतली की ही गाठ काही आठवड्यांत-महिन्यांत बसत जाते. फ्रेम दुरुस्त करूनही नाही बसली, किंवा वाढतेय, रक्त येतंय, तर तुकडा काढून तपासायलाच हवा, तिथे वाट बघत बसू नये. आणि चष्म्याच्या जागी दाण्यांपेक्षा खाज, ओलसरपणा, खपल्या जास्त असतील तर धातूतल्या निकेलची ॲलर्जी असू शकते, तिला फ्रेम सैल करून फरक पडत नाही, फ्रेमच बदलावी लागते.

आता जे घासण्याचं वाटतं पण नसतं, ते. इथेच लोकांचे महिनेच्या महिने वाया जातात म्हणून यावर मी वेळ घालवतो.

पहिलं म्हणजे यीस्टमुळे येणारे दाणे. कपाळ, केसांची कड, हनुवटी, छाती-पाठ, सगळे दाणे एकाच मापाचे, जणू छापल्यासारखे, आणि मुख्य म्हणजे खाज. घाम येणाऱ्या खेळाडूंमध्ये हे खूप, म्हणून पट्ट्याचंच समजलं जातं. पिंपलच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी हे उलट वाढतं. खाज ठळक असेल आणि ब्लॅकहेड्स अजिबात नसतील तर हा विचार करायचा, त्याला बुरशीविरोधी औषध लागतं.

दुसरं, चपट्या चामखिळी. अगदी सपाट, त्वचेच्या किंवा हलक्या तपकिरी रंगाच्या, एक ते चार मिलिमीटर, आणि ओरखडा पडला किंवा रेझर फिरला त्या रेषेत रांगेने उगवतात. त्या विषाणूमुळे येतात, म्हणजे लागण होते, आणि घासलं-खरवडलं की पसरतात. तिसरं, मोलस्कम, मोत्यासारखा चकचकीत दाणा आणि बरोब्बर मधे खड्डा. हेही संसर्गजन्य, लहान मुलांमध्ये जास्त, बहुतेक वेळा महिन्यांत आपोआप जातं.

चौथं, आणि तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, तोंडाभोवतीचा डर्मटायटिस, म्हणजे त्वचेचा दाह. ओठांच्या कडेला एक बारीक पट्टी सोडून तोंडाभोवती, नाकपुड्यांच्या बाजूला, कधी डोळ्यांखाली बारीक लाल दाणे, थोडी जळजळ, थोडे पापुद्रे. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे चेहऱ्यावर लावलेलं स्टेरॉइड क्रीम. तुम्ही सांगितलेली कहाणी, लावलं की छान, थांबवलं की परत, ही स्टेरॉइडची ठरलेली कहाणी आहे. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आत्ता बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काहीही नाव दिसलं तर ते क्रीम चेहऱ्याला परत लावायचं नाही. दोन आठवडेच लावलंय तर सहसा सरळ बंद करता येतं, थोडे दिवस लाली वाढेल, ती सहन करायची, घाबरून परत लावायचं नाही. कुणी महिनोनमहिने लावत असेल तर मात्र डॉक्टरांना भेटूनच सोडा, कारण तेव्हा उलटी प्रतिक्रिया बरीच जोरात येते. चेहऱ्याची त्वचा पातळ होणं, बारीक रक्तवाहिन्या दिसणं, नवीन पिंपल्स फुटणं हे सगळं या क्रीमांनी होतं आणि मला याची मनापासून चीड आहे, कारण मूळ त्रास साधा असतो आणि मुलं त्याच्यापेक्षा मोठा त्रास घेऊन येतात.

बाकी गालांवर लहानपणापासून असलेली खरखर, हातांच्या वरच्या भागावरही तशीच, तर ती केसांच्या मुळाशी केराटिन साठण्याची प्रवृत्ती असते, निरुपद्रवी आहे, मॉइश्चरायझर पुरतं.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासणं कमी करायचं, मग त्वचा शांत होऊ द्यायची, आणि मग औषध. लोक उलटं करतात, आधी कडक औषध, त्याने सोललेल्या त्वचेवर परत तोच पट्टा, आणि मग औषधाने बिघडलं म्हणतात.

हेल्मेट काढायला सांगत नाहीये, सायकलिंग बंद करायलाही सांगत नाहीये. पट्टा सैल सोडणं धोक्याचं आहे, हनुवटीखाली एक किंवा फार तर दोन बोटं जातील एवढाच तो हवा, त्याहून सैल नको. पण बऱ्याचदा हेल्मेटचं माप चुकलेलं असतं, डोक्यावर ते हलतं म्हणून पट्टा करकचून आवळला जातो, तेव्हा आधी मागची डायल आणि आतले पॅड नीट लावून हेल्मेट डोक्यावर स्थिर बसतंय का बघा, मग पट्ट्यावरचा ताण आपोआप कमी होतो. बकल थेट हाडावर टेकत असेल तर पट्ट्याची लांबी दोन्ही बाजूंनी बदलून ते सरकवा. पट्ट्याला मऊ, घाम शोषणारं कव्हर घाला किंवा स्वच्छ सुती कापडाची पट्टी गुंडाळा, आणि ती रोज बदला, कारण कालच्या घामाने कडक झालेली पट्टी पट्ट्यापेक्षा जास्त घासते. पट्टा आणि पॅड आठवड्यातून दोनदा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. ओलं हेल्मेट बॅगेत कोंबून ठेवायची सवय मोडा. ब्रेकमध्ये हेल्मेट काढून घाम टिपायचा, टिपायचा म्हणजे कापड दाबून उचलायचं, पुसायचं नाही. आणि सायकलवरून उतरला की पट्टा हनुवटीवर लटकवत गप्पा मारत उभं राहायचं नाही, ते तासभर चालतं आणि कुणी मोजत नाही.

पट्ट्याखाली घट्ट तेलकट मलम लावून घासणं कमी करावं का असं काही जण विचारतात. लांब पल्ल्याला एखाद्या दिवशी कातडं सोलवटत असेल तर ठीक, पण रोज, तेलकट त्वचेवर, घामाच्या जागी, मी सांगत नाही.

तोंड दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर एकदा, कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, फक्त बोटांनी. स्क्रब नको, घासणी नको, फिरणारा ब्रश नको, खरखरीत टॉवेल नको. त्यानंतर हलकं, छिद्रं बंद न करणारं मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला असं मुलं म्हणतात, पण कोरडी त्वचा जास्त घासली जाते आणि पुढच्या औषधांची जळजळही तिला जास्त होते, म्हणून तो लावायचाच.

एवढंच दोन-तीन आठवडे केलं तरी लाल दाणे बरेच कमी झालेले दिसतात. खडबडीत दाणे राहतात, त्यांना वेळ लागतो. मग औषध.

लाल, दुखऱ्या दाण्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं नाही, १० टक्क्यांनी जळजळ वाढते, फायदा जवळपास तेवढाच. पातळ थर, दिवसातून एकदा, सुरुवातीला एक दिवसाआड. ते कापडाचा रंग उडवतं, उशीचा अभ्रा, टॉवेल, जर्सीची कॉलर, पट्ट्याचं कव्हर सगळं, म्हणून पांढरं कापड वापरा आणि प्रॅक्टिसच्या आधी लावू नका.

खडबडीत बंद दाण्यांसाठी ॲडापलिन ०.१ टक्के, १२ वर्षांच्या पुढे सर्रास वापरलं जातं. रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, वाटाण्याएवढं औषध संपूर्ण त्या भागावर पसरवायचं, एकेका दाण्यावर टिंब ठेवायचं नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा. पापुद्रे, थोडी लाली, हे पहिल्या महिन्यात होतंच, कधी कधी दाणे आधी थोडे वाढल्यासारखेही वाटतात. खूप सोललं तर दोन-तीन दिवस थांबून परत सुरू करायचं. सोललेल्या, चिरलेल्या त्वचेवर लावायचं नाही. आणि फरक ८ ते १२ आठवड्यांनी मोजायचा, आठ दिवसांनी नाही. मोठ्या मुलींनी, गरोदर असतील किंवा तसा विचार असेल तर, हे वापरायचं नाही. दोन्ही औषधं एकदम नवीन सुरू करू नका, एक बसलं की दुसरं. १४ वर्षांच्या मुलासाठी एकदा डॉक्टरांनी बघून ठरवलं तर उत्तमच. नुसतं अँटिबायोटिक क्रीम महिनोनमहिने लावणं मला पटत नाही, जंतू त्याला सरावतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

नाकासाठी खरं औषध नाकाच्या आत आहे. ॲलर्जी आटोक्यात आली की खाज थांबते, खाज थांबली की हात थांबतो. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे रोज, नियमाने, नीट पद्धतीने मारणं, सलाइनने नाक धुणं, गरज पडली तर झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी. नाक पुसायचं तर मऊ कापडाने खाली टिपायचं. हात वर जातोय हे त्याला स्वतःला कळत नाही, म्हणून ओरडण्यापेक्षा घरात एक ठरलेली खूण ठेवा, ती केली की त्याने हात खाली घ्यायचा, कुणासमोर लाज न वाटता. रेघ फिकट व्हायला महिने जातात, जुनी असेल तर थोडी राहूही शकते. मिलियाला घाई नाही, काही आठवडे-महिन्यांत बरेच कण आपोआप जातात, ॲडापलिनने मदत होते, आणि नाहीच गेले आणि त्याला ते खटकत असतील तर त्वचेचे डॉक्टर निर्जंतुक सुईने वरचं पातळ कातडं उघडून कण बाहेर काढतात, दोन मिनिटांचं काम असतं. घरी सुई घेऊन बसू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

डागांबद्दल. घासून आलेले दाणे सहसा खड्डे पाडत नाहीत, खड्डे पडतात ते फोडल्यामुळे किंवा खोल गाठी झाल्या तर. काळपट डाग मात्र राहतात, विशेषतः सावळ्या आणि गडद त्वचेवर, आणि ते तीन-सहा महिने, कधी वर्षभरही घेतात. हा खरा डाग नसतो, दाहामुळे साठलेला रंग असतो, तो जातो. ऊन लागलं की जायला उशीर, म्हणून बाहेर सायकल चालवणाऱ्या मुलाला एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं जेलसारखं सनस्क्रीन रोज लावायला लावा, घाम येतो तर दोन तासांनी परत. डाग फारच खटकत असतील तर अझेलाइक ॲसिड हा चांगला पर्याय आहे, दाण्यांवरही चालतं आणि रंगावरही. डाग घालवायला म्हणून घासणारं काहीही नको, सतत घासल्याने रंग अजून गडद होतो.

त्याच्याशी बोलण्याबद्दल एक. या वयात मुलं फोटोला मान वळवतात, मास्क काढत नाहीत, कॉलर वर ओढून बसतात, आणि कुणी विचारलं की काही नाही म्हणतात. रोज चेहरा पकडून तपासू नका. दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी एक फोटो, आणि तो त्याच्याच फोनमध्ये राहू द्या. फरक दिसला की मुलं स्वतःहून करतात. दाणे फोडायची सवय खूपच असेल, रक्त येईपर्यंत, एकटा असताना अर्धा-अर्धा तास आरशासमोर, तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा, त्याला त्वचेच्या औषधापेक्षा वेगळी मदत लागते आणि ती मिळते.

डॉक्टरकडे कधी जायचं तर, वरचं सगळं प्रामाणिकपणे करून १२ आठवड्यांत फरक नसेल, दाणे पट्ट्याच्या जागेच्या बाहेर पसरायला लागले, खोल दुखऱ्या गाठी किंवा खड्डे दिसू लागले, एकच गाठ वाढतेय किंवा रक्त येऊन भरत नाहीये. मुलींमध्ये जबड्यावरच्या दाण्यांसोबत पाळी खूप अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढत असतील तर हार्मोन्सची तपासणी लागते. आणि लहानपणापासून नाक-गालांवर टणक लालसर दाणे असतील, कधीच न गेलेले, अंगावर फिकट पांढरे चट्टे आणि फिट येण्याचा इतिहास असेल, तर ती वेगळीच, जन्मजात गोष्ट असू शकते, तिला पिंपल समजून सोडून देऊ नये.

लगेच, म्हणजे त्याच दिवशी जायचं ते दोन गोष्टींसाठी. एक, घासलेल्या जागी मधासारख्या पिवळ्या खपल्या भराभर पसरतायत किंवा जागा गरम, सुजलेली आहे आणि ताप आहे, तो जंतुसंसर्ग असतो. दोन, पाण्याने भरलेले बारीक फोड एका झुबक्यात, आग होणारे, त्याआधी अंग मोडून आलेलं, तर ते नागिणीच्या जातीतल्या विषाणूचं असू शकतं, अंगाला अंग लागणाऱ्या खेळांत ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं, तेव्हा खेळ थांबवायचा, टॉवेल-हेल्मेट कुणाला द्यायचं नाही, आणि फोड डोळ्याच्या जवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी दाखवायचं.